भिंतीवरचीं चित्रें आणि घरांतल्या गोष्टी

वडिलार्जित वस्तूंची वांटणी ज्या दिवशीं होते, त्या दिवशीं कुटुंबाचें खरें शील बाहेर पडतें, असें जुनीं माणसें म्हणत असत. दागिने वजनावर वांटतां येतात, भांडीं मोजून वांटतां येतात, जमीन मोजणीदार बोलावून वांटतां येते. परंतु भिंतीवरचें चित्र कसें वांटावें? त्याचे तुकडे होत नाहींत. उलट, त्या चित्राबरोबर जी गोष्ट घरांत चालत आलेली असते तिचे मात्र जितके वारस तितके तुकडे झालेले असतात, आणि प्रत्येकाला आपल्या हातचा तुकडा म्हणजेच सबंध गोष्ट वाटत असते. ह्या महिन्यांत वाचकांशीं आम्ही बोलणार आहों तें ह्या चित्रांविषयीं, आणि त्यांहूनहि अधिक ह्या गोष्टींविषयीं.

हा विषय आम्हांला सुचला तो मीरा रोडमुळें. पश्चिम रेल्वेनें मुंबईहून निघालें म्हणजे दहिसर मागें टाकतांच मीरा रोड आणि त्यापुढें भाईंदर हीं स्टेशनें लागतात. एके काळीं ह्या बाजूस मिठागरें, भातशेतें आणि खाडीच्या कडेची तिवरांची झाडी यांपलीकडे फारसें कांहीं नव्हतें. गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत तेथें इमारतींचें एक नगरच उभें राहिलें. गिरगांवांत, दादरांत दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत ज्यांच्या तीन तीन पिढ्या नांदल्या, अशा कितीतरी कुटुंबांनीं, माणसें वाढलीं आणि जागा पुरेनाशी झाली तेव्हां, हीच वाट धरली. चाळींतल्या खोलीची भिंत उंच असे. तुळईखालीं दोन खिळे ठोकून मोठी तसबीर किंचित् पुढें झुकवून टांगीत, आणि दारांतून आंत येणारा मनुष्य प्रथम तिलाच पाही. नव्या ब्लॉकांत छत खालीं आलें, भिंतींत कपाटें आलीं, उरलेली जागा दूरचित्रवाणीच्या पडद्यानें घेतली. तेव्हां आजोबांच्या वेळची तसबीर जुन्या चादरींत गुंडाळली जाऊन माळ्यावर किंवा पलंगाच्या पेटींत गेली. खाडीवरून येणारी दमट, खारी हवा तिला तेथेंहि गांठते ती गोष्ट वेगळी.

हीं चित्रें बहुधा कोणतीं असतात? आपल्या समाजांत तेलरंगांतलें मूळ चित्र विकत घेऊन घरीं लावण्याची ऐपत संस्थानिकांना आणि शेठ-सावकारांना होती. कारकून, मास्तर, वकील यांच्या घरीं चित्र आलें तें छापखान्यांतून. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांनीं १८९४ सालीं मुंबईस गिरगांवांत शिळाछापाचा कारखाना काढला. पुढें तो लोणावळ्याजवळ मळवली येथें गेला आणि कांहीं वर्षांनीं श्लायशर नांवाच्या जर्मन गृहस्थाकडे त्याची मालकी आली. प्रत्येक रंगासाठीं एकेक दगड निराळा, असे अनेक दगड एकावर एक उठवून आणि वर वार्निस देऊन तीं चित्रें तेलचित्रासारखीं चकचकीत केलेलीं असत. कमळावर उभी राहिलेली लक्ष्मी, वीणा घेतलेली सरस्वती, हंसाशीं बोलणारी दमयंती यांना आपल्या माजघरांत आणून बसविलें तें ह्या कारखान्यानें. त्याच सुमारास कोल्हापुरांत जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) हे १८९० सालीं मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्यें विद्यार्थी म्हणून आले आणि तेथेंच शिक्षक होऊन १९३१ सालीं निवृत्त झाले. त्यांचीं चित्रें पुस्तकांतून व पोस्टकार्डांवरून घरोघर गेलीं. 'कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें' हें त्यांचें आत्मचरित्र १९४० सालीं प्रसिद्ध झालें. मुंबईकर मराठी कुटुंबांत 'धुरंधर मास्तर' हें नांव अशा रीतीनें ओळखीचें झालें, आणि ज्या नांवाची ओळख अधिक त्या नांवावर गोष्टीहि अधिक चढतात.

आमच्या परिचयाचें एक कुटुंब आहे. त्यांचीं नांवें येथें देण्याचें कारण नाहीं. तीन भाऊ, थोरले मीरा रोडला, मधले पुण्यास आणि धाकटे अमेरिकेंत. गिरगांवांतली आजोबांची खोली सर्वांच्या मालकीची म्हणून बंद ठेविलेली होती. चाळ पाडून तेथें नवी इमारत बांधावयाची ठरली, तेव्हां खोली रिकामी करण्याची वेळ आली आणि तीन भाऊ एकत्र जमले. भांड्याकुंड्यांवरून कांहींच वाद झाला नाहीं. वाद निघाला तो भिंतीवरच्या लक्ष्मीच्या तसबिरीवरून. ही तसबीर प्रत्यक्ष धुरंधर मास्तरांनीं स्वहस्तें काढून आजोबांना भेट दिली, अशी गोष्ट घरांत चालत आलेली. थोरले म्हणत, आजोबांचें आणि मास्तरांचें जाणेंयेणें होतें. मधल्यांच्या आठवणीप्रमाणें आजोबांनीं मास्तरांचें कांहीं कोर्टाचें काम फुकट करून दिलें होतें. धाकट्यांनीं तर मास्तर गिरगांवच्या खोलीवर जेवावयास येत असें ऐकलेलें. गोष्टी तीन; पण तिघांच्या मनांत आंकडा एकच उभा होता, आणि तो लहान नव्हता. 'विकून तिघांनीं वांटून घेऊं' असें मधल्यांचें मत. 'बाबांनीं रोज जिला फूल वाहिलें ती बाजारांत कशी न्यावी?' हें थोरल्यांचें म्हणणें. धाकट्यांना ती बरोबर नेऊन तिकडच्या घरीं लावावयाची होती. बोलण्यांतून बोलणें वाढलें, आणि गणपतीला जमणारीं तीन घरें त्या वर्षीं जमलीं नाहींत.

येथें क्षणभर थांबून आम्ही वाचकांस इटलीकडे नेतों. कारण घरांतल्या गोष्टीवर किती विश्वास टाकावा, ह्या प्रश्नाचें उत्तर तेथील एका चित्रकाराच्या बाबतींत जितक्या स्पष्टपणें मिळालें तितकें क्वचितच कोठें मिळालें असेल. आमेदेओ मोदिग्लियानी हा १८८४ सालीं लिव्होर्नो ह्या बंदराच्या गांवीं एका यहुदी कुटुंबांत जन्मला आणि १९२० च्या जानेवारींत पॅरिस येथें क्षयानें वारला. लांब मानेच्या, बदामी डोळ्यांच्या स्त्रियांचीं त्याचीं चित्रें आज जगप्रसिद्ध आहेत. २०१५ सालीं त्याचें एक चित्र न्यू यॉर्कच्या लिलांवांत १७ कोटि डॉलरांहून अधिक किंमतीस गेलें. जिवंतपणीं मात्र त्याला पोटापुरतेंहि मिळत नसे. जेथें कर्त्याचें आयुष्य इतकें दुःखी आणि मागाहून आलेली किंमत इतकी प्रचंड, तेथें आख्यायिकांस तोटा काय?

त्यांतली एक अशी. १९०९ च्या सुमारास मोदिग्लियानी पॅरिसहून गांवीं परतला असतां त्यानें दगडाचे कांहीं मुखवटे घडविले. मित्रांनीं त्यांची टर उडविली. तेव्हां रागाच्या भरांत त्यानें ते गांवच्या कालव्यांत फेंकून दिले. पाऊणशें वर्षें ही गोष्ट गांवांत सांगितली जात होती. १९८४ सालीं, त्याच्या जन्मशताब्दीच्या निमित्तानें, तेथील संग्रहालयाच्या पुढाकारानें कालव्याचा गाळ उपसण्यांत आला, आणि काय आश्चर्य, एकामागून एक तीन दगडी शिरें खरोखरच बाहेर निघालीं! मोठमोठ्या पंडितांनीं तीं मोदिग्लियानीचींच असा निर्वाळा दिला. थोड्याच दिवसांत तीन कॉलेजविद्यार्थी पुढें आले आणि त्यांतलें एक शिर आपण विजेच्या यंत्रानें गमतीखातर कोरून पाण्यांत टाकलें असें त्यांनीं सांगितलें. इतकेंच नव्हे तर तसलेंच दुसरें सर्वांदेखत कोरून दाखविलें. बाकीचीं दोन गांवांतल्याच एका गोदी-कामगारानें केलेलीं निघालीं. पंडित फसले, कारण दगड पाहण्यापूर्वींच त्यांनीं गोष्ट ऐकलेली होती. जें सांपडावें असें मनांत होतें तेंच त्यांना सांपडलें.

पण ह्याच चित्रकाराच्या बाबतींत गोष्टीची दुसरी बाजूहि पाहण्यासारखी आहे. १९०७ सालीं पॅरिसमधील पॉल अलेक्झांद्र नांवाच्या एका तरुण डॉक्टराशीं त्याची गांठ पडली. डॉक्टर कांहीं श्रीमंत नव्हता. तरी त्यानें मोदिग्लियानीचीं चित्रें घेतलीं, आपल्या वडिलांचें आणि भावाचें चित्र त्याच्याकडून काढवून घेतलें, आणि तो आपलीं कच्चीं रेखाटनें फाडून टाकी तीं त्याला फाडूं न देतां जपून ठेविलीं. १९१४ सालीं डॉक्टर महायुद्धावर गेला. दोघांची पुन्हा भेट झाली नाहीं. तीं चारशेंहून अधिक रेखाटनें त्या घरांत एकत्र, एका मनुष्याच्या हातून दुसऱ्याच्या हातीं, आठवणींसकट राहिलीं, आणि डॉक्टरच्या मुलानें तीं १९९३ सालीं व्हेनिस येथें प्रथम जगापुढें मांडलीं. ज्या चित्रकाराच्या नांवानें बाजारांत बनावट चित्रांचा सुळसुळाट झालेला आहे, त्याच्या ह्या रेखाटनांवर लोकांचा विश्वास बसला, याचें एक मोठें कारण हें कीं तीं कोणापासून कोणाकडे आलीं याची सांखळी कोठेंहि तुटलेली नव्हती. मोदिग्लियानीची मुलगी झान बाप वारला तेव्हां सव्वा वर्षाची होती. बापापाठोपाठ दुसऱ्याच दिवशीं रात्रीं आईनेंहि जीव दिला, आणि पोरीचा सांभाळ इटलींत बापाच्या नातलगांनीं केला. मोठेपणीं तिनें बापाविषयींच्या दंतकथा एकेक पारखून १९५८ सालीं जें चरित्र लिहिलें त्याच्या इटालियन नांवाचा अर्थच 'आख्यायिकेवांचून मोदिग्लियानी' असा आहे. बापाची एकहि आठवण नसलेल्या मुलीनें बापावरच्या प्रेमापोटीं केलें तें हें. गोष्टींवर नुसता विश्वास ठेवणें तिला पुरेसें वाटलें नाहीं.

आतां आपल्या घरचें उदाहरण घेऊं. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांतल्या चित्रसंग्रहांत एक जलरंगांतलें चित्र आहे. हातांत दिवा घेतलेली एक मुलगी, दुसऱ्या हाताच्या आडोशानें ज्योत जपते आहे. बोटांच्या फटींतून उजेड झिरपून बोटें तांबूस झालेलीं आहेत. हें चित्र रविवर्म्याचें, असें कितीतरी लोक आजहि छातीठोकपणें सांगतात. वास्तविक तें सांवळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचें. हळदणकर मूळ सावंतवाडीचे, जे. जे. स्कूलमध्यें शिकून त्यांनीं १९०८ सालीं मुंबईंत स्वतःची चित्रशाळा काढली, आणि १९१८ सालीं स्थापन झालेल्या आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या संस्थापकांत ते एक होते. चित्रांतली मुलगी म्हणजे त्यांचीच कन्या गीता. दिवाळींत दिवा घेऊन ती अशी उभी राहिलेली पाहून वडिलांना चित्र सुचलें, ही हकीकत त्या पुढें गीताबाई उपळेकर म्हणून स्वतः सांगत असत. २०१८ सालीं वयाच्या १०२ व्या वर्षीं त्या निवर्तल्या. आतां साधा हिशेब करावा. रविवर्मा १९०६ सालीं वारले. ह्या बाईंचा जन्म त्यानंतर सुमारें दहा वर्षांनीं झाला. जी मुलगी जन्मलीच नव्हती तिचें चित्र रविवर्मा काढणार कसे? येथें घरची गोष्ट खरी आणि बाजारची गोष्ट खोटी ठरली. परंतु ती खरी ठरली ती गोड आहे म्हणून नव्हे. सांगणारें माणूस त्या प्रसंगीं स्वतः हजर होतें, आणि त्याचें सांगणें सनावळीशीं जुळत होतें.

हीच कसोटी मीरा रोडच्या त्या कुटुंबानें पुढें लावली, पण ती लावण्याचा मान घरांतल्या नातसुनेकडे जातो. भावांनीं अखेर जुन्या वस्तूंच्या एका जाणत्याला बोलाविलें होतें. त्यानें भिंग लावून पाहिलें आणि सांगितलें कीं, हें हातानें काढलेलें चित्र नव्हे; रंगांत बारीक बारीक ठिपके आहेत ते शिळाछापाचे; खालची पट्टी, जिच्यावर छापखान्याचें नांव असतें, ती चौकट बसविणारानें कापून टाकलेली दिसते; चित्र रविवर्म्याच्या लक्ष्मीचें, आणि तें घरोघर होतें. त्यांत भर म्हणून देवीच्या लुगड्यावर कोणी खरी जर आणि टिकल्या शिवून ठेविलेल्या, त्यामुळें कागदाला सुईचीं भोंकें पडलेलीं. ती जर काढून, साफसूफ करून घेतल्यास कांहीं किंमत येईल, एरव्हीं फारशी नाहीं. झालें! तिघां भावांचा उत्साह एका क्षणांत मावळला. ज्या चित्रासाठीं घरें तुटण्याची वेळ आली होती तें न्यावयास आतां कोणीच तयार होईना. थोरल्यांनीं तें केवळ टाकवत नाहीं म्हणून मीरा रोडला आणून कपाटामागें उभें करून ठेविलें.

त्या घरांत भावांची आत्या असते. वय नव्वदीला टेकलेलें. वांटणीच्या साऱ्या चर्चा तिच्या डोळ्यांदेखत झाल्या, पण तिला कोणीं कांहीं विचारलें नव्हतें. एके दिवशीं दुपारीं कपाटामागची धूळ काढतांना थोरल्यांच्या सुनेनें ती तसबीर बाहेर काढली आणि सहज विचारलें, "आत्याआजी, हें चित्र घरांत आलें तें तुम्हांला आठवतें का हो?"

"आलेलें कसें आठवेल, बाई? तें माझ्या जन्मापूर्वींचें. बाबांनीं लग्नानंतर विकत आणलें, असें आई सांगे."

"मग धुरंधर मास्तरांनीं दिलें म्हणतात तें?"

"मास्तरांना बाबांनीं एकदां चित्रांच्या प्रदर्शनांत दुरून पाहिलें होतें. तें ते फार कौतुकानें सांगत. दिलें-बिलें कांहीं नाहीं." आणि जरा वेळानें ती म्हणाली, "पण हिला लुगडें नेसविलें तें मात्र मला पक्कें आठवतें. सुईंत दोरा मींच ओंवून दिला होता."

हकीकत अशी निघाली. १९४४ सालीं आत्याचे वडील अल्पशा आजारानें गेले. ती तेव्हां आठ वर्षांची. आईचें वय तिशीच्या आंत. त्या काळच्या रीतीप्रमाणें तिला रंगीत वस्त्र नेसण्याची मुभा उरली नाहीं. लग्नांतला शालू पेटींत होता. मोठ्या जावेनें तो मागितला. आईनें 'देतें' म्हटलें आणि दिला नाहीं. वर्षश्राद्ध झाल्यावर एका दुपारीं, घरांतलीं माणसें निजलीं असतां, तिनें तसबीर खालीं उतरविली, मागचे खिळे काढले, शालूच्या पदराची जर उसवली आणि ती लक्ष्मीच्या लुगड्यावर कांठासारखी शिवून टाकली. "ती मला म्हणाली, 'मी आतां हें नेसावयाची नाहीं. हिच्या अंगावर राहूं दे. येतांजातां दिसेल तरी.'" त्यानंतर चाळीस वर्षें ती बाई त्या चित्राला रोज हात जोडीत असे. घरच्यांनीं तिची देवभक्ति वाखाणली. त्यांतलें दुसरें कोणास ठाऊक असणार?

नातसुनेनें ती हकीकत त्याच दिवशीं आत्याआजीच्या शब्दांत लिहून काढली, वाचून दाखविली, दोन ठिकाणीं तिनें सांगितल्याप्रमाणें दुरुस्ती केली, आणि प्रती दोन्ही चुलतसासऱ्यांस पाठविल्या. मग जें झालें तें मौजेचें आहे आणि नाहींहि. जें चित्र कोणालाच नको होतें तें आतां तिघांनाहि हवेंसें झालें. पुण्याचे भाऊ, ज्यांनीं विकण्याची भाषा प्रथम काढली होती, ते पहिल्या गाडीनें आले आणि बराच वेळ चित्रापाशीं नुसते उभे राहिले. जर काढून साफसूफ करण्याची गोष्ट पुन्हा कोणीं काढली नाहीं. पुन्हा वाद होणार असें दिसतांच आत्या म्हणाली, "जो भिंतीवर लावील त्याच्याकडे राहूं दे. पेटींत ठेवणाराला देऊं नका." मीरा रोडच्या ब्लॉकांत एक कपाट हलवून भिंत मोकळी करण्यांत आली. गणपतीला यंदा तिन्ही घरचीं माणसें तेथें जमलीं. धाकट्यांचा मुलगाहि आला होता, आणि त्यानें पणजीची जर बोटानें चांचपून पाहिली, असें आम्हांस कळलें.

ह्या हकीकतींतून आम्हांस दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली ही कीं, किंमतीकडे डोळा ठेवून सांगितलेली गोष्ट सांगणाराच्याहि नकळत वाढत जाते. 'दुरून पाहिलें' याचें दोन पिढ्यांत 'जेवावयास येत' असें होतें, त्यांत कोणाचीहि लबाडी नसते. आपल्या वडिलांचा मोठेपणा वाढावा ही इच्छा वाईट नाहीं. पण त्या इच्छेनें खऱ्या आजोबांना बाजूस सारून आपण एक खोटे आजोबा उभे करतों. पगारांतून पैसे वांचवून नव्या संसारासाठीं लक्ष्मीचें चित्र विकत आणणारा तरुण कारकून हा कांहीं कमी प्रतीचा पूर्वज नव्हे. दुसरी गोष्ट ही कीं, घरांतल्या वस्तूंच्या खऱ्या हकीकती बहुधा बायकांपाशीं असतात आणि वांटणीच्या बैठकींत बायकांना विचारण्याची चाल नाहीं. धुरंधर मास्तरांच्या घरींसुद्धां वडिलांच्या मागें त्यांच्या कलेचा ठेवा जपला तो त्यांच्या कन्येनें, अंबिकाबाई धुरंधर (१९१२–२००९) यांनीं. त्या स्वतःहि चित्रकार होत्या.

आतां वाचकांनीं, विशेषतः आमच्या वाचकभगिनींनीं, आपल्या घरीं करण्यासारखें काय, तें थोडक्यांत सांगतों. माळ्यावरचें चित्र खालीं काढावें. छापील कीं हातचें हें पाहावयाचें असल्यास चांगल्या भिंगाखालीं पाहावें. नियमित ठिपके दिसले तर तें छापील समजावें. चौकटीच्या पाठीमागें दुकानदाराची चिठ्ठी, तारीख, पेन्सिलीचे आंकडे असतील तर तीं फाडूं नयेत. चित्र उतरवितांना मागचा पुठ्ठा बदलावा लागला तर त्याचाहि फोटो घेऊन ठेवावा. कांचेवर कुंकवाचीं बोटें लावण्याची आपली रीत आहे. तें कुंकू ओल्या फडक्यानें पुसतांना पाणी कांचेच्या कडेनें आंत शिरतें आणि कागदाला बुरशी धरते, म्हणून फडकें कोरडें असावें. बाहेरच्या बाजूची, पावसांत पाझरणारी भिंत आणि दुपारचें ऊन येणारी भिंत, ह्या दोन्ही टाळाव्यात. मीरा रोड-भाईंदरसारख्या खाडीकांठच्या वस्तींत चौकटीच्या मागें वारा खेळेल इतकी फट ठेवावी. कोणी शिवलेली जर, चिकटविलेल्या टिकल्या, मागें लिहिलेलीं नांवें हीं 'खराबी' समजून काढून टाकूं नयेत. आणि मुलांबरोबर जुनें चित्र परदेशीं पाठविण्याचा विचार असेल तर १९७२ चा पुराणवस्तु व कलानिधि यांविषयींचा कायदा आधीं पाहावा; शंभर वर्षांवरच्या कलावस्तु, तसेंच रविवर्म्यांसारख्या कांहीं चित्रकारांचीं मूळ चित्रें, परवानगीवांचून देशाबाहेर नेतां येत नाहींत.

राहतां राहिली गोष्ट लिहिण्याची. ती लिहावी ती अशी: चित्र कोणीं आणलें, केव्हां, कोठून, त्यानंतर तें कोणाच्या घरीं कोणत्या भिंतीवर होतें, हें कोणीं सांगितलें आणि सांगणारानें स्वतः पाहिलें कीं ऐकलें. 'पाहिलें' आणि 'ऐकलें' ह्या दोन शब्दांची गल्लत होऊं देऊं नये. सारा विवेक तेवढ्यांत आहे. जेथें माहिती नाहीं तेथें जागा कोरी सोडावी, ती कल्पनेनें भरूं नये. दोघांच्या आठवणी जुळत नसल्या तर दोन्ही लिहाव्यात आणि पुढें नांवें घालावींत. हा कागद चित्राला चिकटवूं नये. पाकिटांत घालून चौकटीच्या मागें अडकवावा, आणि त्याची एक प्रत दुसऱ्या घरीं असूं द्यावी.

ज्यांच्या घरीं वडीलधारें माणूस आहे त्यांनीं ह्या कामास दिवाळीच्या साफसफाईची वाट पाहूं नये. दुपारचा चहा झाल्यावर चित्र त्यांच्यापुढें ठेवून विचारावें, आणि मध्येंच 'नाहीं, तसें नव्हतें' असें म्हणून त्यांस तोडूं नये. पुष्कळदां त्या चित्राविषयीं तीं बोलणारहि नाहींत. त्याखालीं कोण बसत असे, कोण आजारी पडलें होतें, कोणाचें लग्न ठरलें होतें, तेंच सांगत राहतील. तें सारें लिहून घ्यावें.